टक्केवारीची फी आणि वकिली नीतीचा इतिहास : एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाला उत्तर

शिरपूरकडच्या, कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने दोन प्रश्न विचारले आहेत. अमेरिकेतील कायद्याचे प्राध्यापक वकिली नीतीच्या इतिहासावर वर्षानुवर्षे संशोधन करतात, असे तिने एका व्याख्यानात ऐकले. आपल्याकडे मात्र बार काउन्सिलचे नियम तोंडी परीक्षेपुरते पाठ केले जातात. धुळे-जळगावच्या कोर्टात उभे राहायचे असलेल्या माणसाला त्या इतिहासाचा उपयोग काय, हा तिचा पहिला प्रश्न. आणि भूसंपादनाच्या कामात पक्षकार स्वतःहून टक्केवारी द्यायला तयार असताना वकिलाने ती का घेऊ नये, अमेरिकेत तर ती सर्रास घेतात, हा दुसरा.

मी तीसहून अधिक वर्षे खानदेशातल्या कोर्टांत दिवाणी आणि भूसंपादनाची कामे चालवत आलो आहे आणि मधली काही वर्षे व्यावसायिक नीतीचा विषयही शिकवला आहे. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो नीट सोडवू गेले की पहिल्याचे उत्तर वाटेतच मिळते.

सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट आहे. शिंदखेडा तालुक्यातला एक शेतकरी माझ्याकडे आला. पाटचारीसाठी त्याची जमीन गेली होती आणि मिळालेला मोबदला फारच थोडा होता. त्याने कापडी पिशवीतून आधी निवाड्याची नोटीस काढली, मग चार घड्या घातलेला एक स्टॅम्प पेपर काढला. त्यावर मजकूर टाईप करून तयार होता : कोर्टाकडून जो वाढीव मोबदला मिळेल त्याच्या दहा टक्के रक्कम वकीलसाहेबांना देईन. माझ्या नावाची जागा तेवढी कोरी होती. गावातल्या इतरांनी असेच केले म्हणून त्यानेही कागद करून आणला होता. तो म्हणाला, "साहेब, दहा टक्का तुम्हना. पन मना पैसा काढी द्या." मी कागद घडी घालून परत दिला, तेव्हा तो उठून उभाच राहिला. कागद नाकारला म्हणजे केस नाकारली, असे त्याला वाटले. त्याला पुन्हा बसवून चहा दिला आणि ठरावीक फी सांगितली : थोडी आत्ता, बाकीची कापूस विकल्यावर, आणि निकाल काहीही लागला तरी तेवढीच. हे त्याच्या गळी उतरवायला अर्धा तास लागला. त्याचा शेवटचा प्रश्न मी विसरलेलो नाही. पैसे जास्त मिळाले तर तुम्हाला आनंद नाही का होणार, असे त्याने विचारले होते. माणूस प्रामाणिक होता आणि प्रश्नही प्रामाणिक होता. त्याचे पुरे उत्तर तेव्हा माझ्यापाशी नव्हते. नियम आहे, एवढेच मी सांगू शकलो.

ते उत्तर पुढे कामातूनच सापडले. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली १८ व्या कलमाचा संदर्भ अर्ज, म्हणजे वाढीव मोबदल्यासाठी प्रकरण कोर्टाकडे पाठवण्याचा अर्ज, चालला की वाढलेल्या दरावर तीस टक्के दिलासा रक्कम (जमीन सक्तीने घेतल्याबद्दलची जादा रक्कम) आणि ठरावीक काळासाठी दरसाल बारा टक्के वाढ मिळत असे. त्याखेरीज पहिल्या वर्षी नऊ टक्के आणि नंतर पैसे जमा होईपर्यंत पंधरा टक्के दराने व्याज चढत असे. २०१३ च्या नव्या कायद्याने दिलासा रक्कम शंभर टक्क्यांवर नेली, व्याजाचे दर मात्र तेच ठेवले. आता याचा अर्थ वकिलाच्या बाजूने पाहा. टक्केवारीवर काम घेतलेल्या वकिलाची फी प्रत्येक तारखेला वाढते. शेतकऱ्याला पैसे मुलीच्या लग्नाआधी हवे असतात, विहिरीला हवे असतात. वकिलाला मात्र थांबणे परवडते. लोकअदालतीत तडजोडीचा आकडा समोर आला की घ्या म्हणायचे की थांबा म्हणायचे, हा सल्ला ज्याने द्यायचा त्याचाच त्या आकड्यात वाटा असतो. पुरावा उभा करताना तर धोका आणखी वाढतो. शेजारच्या शेताचे खरेदीखत खरे की मोबदल्यासाठी फुगवलेले, हे वकिलाला पहिल्या वाचनातच कळते. दहावा हिस्सा स्वतःचा असेल तर ते खत बाजूला काढून ठेवणे किती कठीण जाते, हे ज्यांनी ही कामे केली आहेत त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत ही मनाई विसाव्या क्रमांकावर आहे : दाव्याच्या निकालावर अवलंबून असलेली फी ठरवू नये आणि दाव्यातून येणाऱ्या रकमेत वाटा घेऊ नये. पण हा नियम पाठ केला तरी त्याच्या मागचा रस्ता दिसत नाही. इंग्लंडमध्ये दुसऱ्याच्या दाव्याला पैसा पुरवून त्यात वाटा घेणे १२७५ च्या वेस्टमिन्स्टर कायद्यापासून निषिद्ध मानले गेले. बडे सरदार कमजोरांचे दावे विकत घेऊन न्यायालयांचा हत्यारासारखा वापर करीत, त्यावरचा तो उपाय होता. भारतात हा इंग्रजी कायदा लागू नाही, असे प्रिव्ही काउन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, १८७६ साली एका बंगाली खटल्यात स्पष्ट केले. गरिबाला खर्चासाठी पैसा देऊन न्याय्य दाव्यात मदत करणारा माणूस गुन्हेगार नव्हे, असा त्यामागचा विचार होता. फक्त करार पिळवणुकीचा असेल तर तो लोकहिताविरुद्ध ठरेल. म्हणजे सावकाराने किंवा नातलगाने दाव्यात वाटा घेऊन मदत करणे आपल्याकडे मुळातच बेकायदा नाही. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे 'जी' या आद्याक्षराने ओळखले जाणारे प्रकरण आले. त्या वकिलाने वसुलीच्या निम्म्या रकमेचा करार पक्षकाराशी केला होता. न्यायमूर्ती विवियन बोस यांनी हाच भेद मांडला : इतर दोन माणसांत असा करार कदाचित चालेल, पण वकिलाने तो केला की ते व्यावसायिक गैरवर्तन होते. २०१७ साली तेलंगणातील एका प्रकरणात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की टक्केवारीच्या फीचा दावाच मुळात लोकहिताविरुद्ध आहे आणि तो वसूल करता येणार नाही. म्हणजे तो स्टॅम्प पेपर मी ठेवून घेतला असता तरी त्याची किंमत शून्य होती. शेतकऱ्याला मात्र ते ठाऊक नसते, आणि या कागदाचा खरा दुरुपयोग तिथेच होतो.

आता अमेरिका. इथे मला इतिहासाचा खरा उपयोग दिसतो. कंपनी सरकारच्या कोर्टांत १७९३ च्या नियमापासून वकिलांची फी सरकार ठरवून देत असे. १८४६ च्या पहिल्या कायद्याने वकिली सर्व धर्मांच्या पात्र लोकांना खुली केली आणि फी करारावर सोडली. बरोबर दोन वर्षांनी, १८४८ साली, न्यूयॉर्कने नवी दिवाणी संहिता केली आणि तिथेही फी वकील व पक्षकार यांच्या करारावर सोपवली गेली. दोन टोकांच्या दोन देशांत वकिलाची फी जवळजवळ एकाच वेळी सरकारी दरपत्रकातून सुटली, आणि तिथून वाटा वेगळ्या झाल्या. अमेरिकेत कारखाने आणि रेल्वे वाढली, कामगारांचे हात-पाय तुटू लागले आणि त्या कामगारांजवळ आगाऊ फी द्यायला पैसा नव्हता. निकालावरची फी हाच त्यांच्यासाठी कोर्टाचा दरवाजा झाला. वकिलांच्या संघटनेने १९०८ साली आचारसंहिता केली तेव्हा तेराव्या कलमात ही फी मान्य करावी लागली, मात्र न्यायालयाच्या देखरेखीच्या अटीवर. जेरोल्ड ऑरबॅक या इतिहासकाराने १९७६ साली दाखवून दिले की त्या संहितेतले जाहिरातबंदीसारखे नियम प्रत्यक्षात शहरांतल्या स्थलांतरित, गरीब वकिलांवर आणि त्यांच्या जखमी पक्षकारांवर पडत होते. बड्या कंपन्यांच्या वकिलांना पक्षकार क्लबात आणि जेवणाच्या टेबलावर मिळत असत, त्यांना जाहिरात लागतच नसे. नियम सर्वांना सारखा, पण भार एकावरच. म्हणून तिकडे ही फी का चालते याचे उत्तर त्यांची नीती सैल आहे असे नाही. तिथे गरिबासाठी दुसरी वाट नव्हती, हे खरे उत्तर आहे. आपल्याकडे १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दुसरी वाट निदान कागदावर तरी काढून दिली. ती वाट अक्कलकुवा-धडगावच्या माणसापर्यंत किती पोहोचते, हा प्रश्न प्रत्येक जिल्हा वकील संघाने स्वतःला विचारलाच पाहिजे. टक्केवारीला विरोध करून विधी सेवेचे काम टाळणाऱ्या वकिलाला त्या विरोधाचा अधिकार उरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

या इतिहासावर काम करणारे प्राध्यापक काय खोदतात, ते एका उदाहरणाने सांगतो. बाल्टिमोरचे वकील आणि मेरीलँड विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक डेव्हिड हॉफमन यांनी १८३६ साली आपल्या अभ्यासग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत वकिलाने स्वतःशी करायचे पन्नास संकल्प छापले. त्यांतला एक असा की देणे खरे असेल तर मुदतीच्या कायद्याचा बचाव घेणार नाही. दुसरा असा की अत्यंत क्रूर गुन्हेगारासाठी खास प्रयत्न करणार नाही. पुढे पेनसिल्व्हेनियाचे न्यायाधीश आणि प्राध्यापक जॉर्ज शार्सवुड यांनी १८५४ साली आपली व्याख्याने प्रसिद्ध केली. निकालावरची फी घेणारा वकील हा वकील न राहता स्वतःच पक्षकार बनतो, हा विचार त्यांनी जोरात मांडला. अलाबामा राज्याच्या वकील संघाने १८८७ साली केलेली संहिता शार्सवुड यांच्या विचारावर उभी राहिली आणि १९०८ ची राष्ट्रीय संहिता अलाबामाच्या संहितेवर. फोर्डहॅम विद्यापीठाचे प्राध्यापक रसेल पियर्स यांनी १९९२ साली हा वंशवृक्ष पुन्हा तपासला. त्यांचे म्हणणे असे की या संहितांच्या मुळाशी पक्षकारासाठी काहीही करणारा वकील नाही, समाजाचे हित सांभाळणारा वकील आहे, आणि पुढच्या पिढ्या ते विसरल्या. नॉर्मन स्पॉल्डिंग यांनी २००३ साली त्यावर कडक आक्षेप घेतला. तो जुना काळ पियर्स म्हणतात तेवढा लोकहितवादी नव्हता आणि पक्षकाराशी निष्ठा तेव्हाही केंद्रस्थानीच होती, असा त्यांचा युक्तिवाद. मला या वादात स्पॉल्डिंग यांची बाजू अधिक पटते, कारण पूर्वीचे वकील सगळे थोर होते हे वाक्य मी आमच्या बार रूममध्येही फार ऐकले आहे आणि जुन्या निकालपत्रांत त्याला आधार फार थोडा सापडतो.

हॉफमन यांचा मुदतीचा संकल्प मी वर्गात नेहमी सांगत असे, कारण तो आपल्याकडे जसाच्या तसा आणता येत नाही. तिकडे मुदतीचा बचाव प्रतिवादीने घेतला नाही तर तो गेला. म्हणून वकिलाच्या सदसद्विवेकाला तिथे जागा आहे. आपल्या १९६३ च्या मुदत कायद्याचे तिसरे कलम सांगते की बचाव घेतलेला नसला तरी मुदतबाह्य दावा न्यायालयाने फेटाळलाच पाहिजे. मग अमळनेरच्या एखाद्या व्यापाऱ्याला जुने देणे खरेच द्यायचे असेल तर त्याचा वकील काय करणार? करार कायद्याच्या २५ व्या कलमात वाट आहे : मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे लेखी आणि सही केलेले वचन वैध ठरते. म्हणजे हॉफमन यांनी वकिलाच्या मनावर टाकलेले ओझे आपल्या कायद्याने पक्षकाराच्या सहीवर टाकले आहे. वकिलाचे काम एवढेच की अशी सही करता येते हे त्याने पक्षकाराला सांगावे. मी दोनदा सांगितले आहे. एकाने सही केली, दुसऱ्याने माझ्याकडचे काम काढून घेतले.

आरोपीच्या बचावाचा प्रश्न याहून अवघड आहे. इंग्लंडमध्ये गंभीर गुन्ह्याच्या आरोपीच्या वकिलाला ज्यूरीपुढे भाषण करण्याचा अधिकारच मुळी १८३६ च्या कायद्याने मिळाला. चारच वर्षांनी लंडनमध्ये लॉर्ड विल्यम रसेल यांचा खून झाला आणि त्यांचा स्विस नोकर कुर्व्हाझिये याच्यावर खटला उभा राहिला. चोरीची चांदी सापडल्याची बातमी आली, तेव्हा खटला चालू असतानाच आरोपीने आपले वकील चार्ल्स फिलिप्स यांच्याजवळ खून कबूल केला, आणि तरीही आपला बचाव करावा असा आग्रह धरला. फिलिप्स यांनी न्यायासनावर बसलेले बॅरन पार्क यांचा खाजगीत सल्ला घेतला. जे योग्य युक्तिवाद पुराव्यातून निघतात ते करीत राहा, असे त्यांना सांगण्यात आले. फिलिप्स बोलले, ज्यूरीने तरीही दोषी ठरवले आणि आरोपीला फाशी झाली. कबुलीची हकीकत बाहेर आल्यावर फिलिप्स यांच्यावर आयुष्यभर टीका झाली. बचाव केला म्हणून झालेली टीका मला अन्यायाची वाटते. घरातल्या निरपराध मोलकरणीकडे संशयाचे बोट वळेल असे बोलल्याची टीका मात्र गंभीर आहे, आणि न्यायाधीशाला कबुली सांगणे ही तर माझ्या मते मोठी चूक होती. आपला पंधरावा नियम सांगतो की आरोपीच्या अपराधाबद्दल वकिलाचे मत काहीही असो, त्याने बचाव करावा. त्या एका वाक्यामागे हा सगळा वाद आहे. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील एका प्रकरणात सांगितले की अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये असा वकील संघाचा ठराव बेकायदा आणि शून्यवत आहे. गावात भयंकर गुन्हा घडला की असा ठराव करण्याची मागणी आमच्याकडेही होते, आणि लोक चिडलेले असताना सभेत उभे राहून त्याला विरोध करणे सोपे नसते. अशा सभेत नियमाचा क्रमांक कोणी ऐकून घेत नाही. कुर्व्हाझियेची गोष्ट मात्र लोक ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

जाहिरातबंदी आणि दलाल यांबद्दल थोडक्यात सांगतो. १८७९ च्या विधी व्यावसायिक कायद्याखाली दलालांची यादी करून ती कोर्टात लावण्याचा अधिकार न्यायाधीशांना होता. तो कायदा २०२३ च्या दुरुस्तीने अखेर रद्द झाला आणि दलालांविषयीची तरतूद अधिवक्ता कायद्यात ४५-अ कलम म्हणून आली. १९७५ साली दाभोळकर प्रकरणात मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टांच्या दारात पक्षकारांवर झडप घालणाऱ्या वकिलांचे वर्तन न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कठोर शब्दांत निषिद्ध ठरवले. पक्षकाराला एस.टी. स्टँडवर गाठणाऱ्या दलालावर कारवाई झालीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु छत्तिसाव्या नियमातली सरसकट जाहिरातबंदी मला तितकीशी पटत नाही. २००८ पासून संकेतस्थळावर नाव, पत्ता, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र एवढे देता येते. शहाद्यातल्या आदिवासी बाईला वनहक्काची कामे कोण चालवते हे कळावे कसे, याचे उत्तर तो नियम देत नाही. ऑरबॅक यांनी दाखवलेला एकतर्फी भार इथेही आहे. इतिहास मला टक्केवारीच्या मनाईच्या बाजूला नेतो आणि जाहिरातबंदीबद्दल साशंक करतो. दोन्ही नियम नियमावलीच्या एकाच प्रकरणात छापलेले असले तरी त्यांचे मूळ एक नाही.

आपल्या देशातल्या इतिहासाचा एक भाग परीक्षेच्या पुस्तकांत जवळजवळ येत नाही. 'व्यावसायिक गैरवर्तन' हा शब्द पारतंत्र्यात सत्तेच्याही हाती होता. १९१९ साली रौलेट कायद्याविरुद्ध सत्याग्रहाची प्रतिज्ञा घेतलेल्या अहमदाबादच्या वकिलांविषयी तिथल्या जिल्हा न्यायाधीशाने मुंबई उच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि त्या वकिलांना सनदेबाबत जाब द्यावा लागला. ते पत्र छापल्याबद्दल गांधीजी आणि महादेवभाई देसाई यांच्यावर अवमानाची कारवाई होऊन १९२० साली त्यांना समज देण्यात आली. लंडनच्या इनर टेंपल या बॅरिस्टरांच्या संस्थेने श्यामजी कृष्ण वर्मा यांचे नाव १९०९ साली आणि गांधीजींचे १९२२ साली काढून टाकले. गांधीजींचे १९८८ साली आणि श्यामजींचे २०१५ साली मरणोत्तर परत घेतले. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या कायद्याच्या प्राध्यापक मित्रा शराफी यांनी अशा बडतर्फींचा आणि वसाहतकाळातल्या वकिलांचा बारकाईने अभ्यास केला आहे. दिनशा दावर यांचे उदाहरण तर आपल्या घरचे आहे. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांच्या जामिनासाठी ते वकील म्हणून उभे राहिले. १९०८ साली तेच न्यायमूर्ती म्हणून बसले, त्यांनी टिळकांना जामीन नाकारला आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. पूर्वी ज्याचे वकीलपत्र घेतले त्याच्यावर न्यायाधीश म्हणून बसावे का, हा प्रश्न मी दर वर्षी वर्गात टाकत असे आणि तास संपला तरी मुले उठत नसत. शिस्तीचा अधिकार न्यायालयांकडून वकिलांच्या स्वतःच्या निवडून दिलेल्या परिषदांकडे १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने का आला, हे या पार्श्वभूमीवर समजते. तो अधिकार आपण नीट वापरत नाही याची मला खंत आहे. तक्रार एका वर्षात निकाली काढावी असे ३६-ब कलम सांगते आणि तरी पक्षकार तिष्ठत राहतात.

तुम्ही विद्यार्थिनी आहात म्हणून एक गोष्ट मुद्दाम लिहितो. आपल्या नियमांच्या प्रस्तावनेत वकिलाने कसे वागावे हे सांगताना आजही 'सद्गृहस्थ' या अर्थाचा इंग्रजी शब्द आहे. १९१६ साली कोलकात्यात रेजिना गुहा यांना आणि १९२१ साली पाटण्यात सुधांशुबाला हाजरा यांना केवळ स्त्री म्हणून सनद नाकारली गेली. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा १८९२ सालीच दिली होती, पण स्त्रियांना वकिलीचा हक्क देणारा कायदा १९२३ साली आला. नियमांतले शब्द कोणाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिले गेले, हे शोधणे याच इतिहासाचा भाग आहे, आणि तो शब्द बदलण्याची मागणी तुमच्या पिढीने करावी असे मला मनापासून वाटते.

राहिला प्रश्न इथे बसून असे काम करता येईल का, हा. माझ्या मते येईल, आणि धुळ्याइतकी चांगली जागा थोडी असेल. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिर या हस्तलिखित-संग्रहासाठी हस्तलिखिते गोळा करणारे नानासाहेब देव हे धुळ्याचे वकील होते. इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यातच वारले आणि त्यांच्या कागदपत्रांसाठी १९२७ साली तिथेच संशोधन मंडळ उभे राहिले. बाबासाहेब आंबेडकर १९३७ साली धुळ्याच्या कोर्टात एका खटल्यासाठी आले होते. लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दर वर्षी ३१ जुलैला लोक जमतात ते त्या मुक्कामाच्या आठवणीसाठी. पण त्या काळचा इथला वकील फी कशी ठरवत होता, अस्पृश्य पक्षकाराला आपल्या ओट्यावर बसवत होता की नाही, सावकाराचे आणि कुळाचे वकीलपत्र पाठोपाठ घेत होता का, हे विचारत त्या जुन्या कागदांना हात घालायला हवा. खानदेशाचे १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हा वकीलही दोन ठिकाणी वाटले गेले असणार. तिथूनही धागा पकडता येईल.

सुरुवात वकील संघाच्या ठरावांच्या वह्यांपासून करा. एका तालुक्याच्या गावी मी अशी एक वही पाहिली आहे. कापडी बांधणीची, कडा वाळवीने खाल्लेल्या, काही पाने मोडीत आणि काही बाळबोध अक्षरात. एका पानावर ठराव आहे की कोणाही वकिलाच्या कारकुनाने बाजाराच्या दिवशी चावडीपाशी उभे राहून पक्षकार आणू नयेत. त्याखाली अकरा सह्या आहेत आणि त्यांतली एक नंतर दुसऱ्या शाईने खोडलेली आहे. मोडी शिकून घ्या, दिवाळीच्या सुट्टीत या. कपाटाची किल्ली तिथल्या कारकुनाकडे असते आणि वही पाहायला द्यायला तो नाही म्हणत नाही.